वेड लागतं, माज चढतो

सर, जायचंच होतं तर तुमचा तो गुल्या तेवढा सोबत घेऊन जायचा. चष्मा ठेवून गेलात, काठी ठेवून गेलात, ते समजू शकते. पण गुल्याला कुणाच्या जिवावर ठेवलंत? काकूंनी तुमच्या टेबलावरचे सगळे कागद एका पिशवीत कोंबले आणि पिशवी माझ्या हातात दिली. "तुमचं दोघांचं हाय ते, न्या तुमच्याकडं," म्हणाल्या. पिशवी माझ्या खाटेखाली पडून आहे. मी अजून गाठसुद्धा सोडलेली नाही. तेवढं त्राण नाही आता.

गुल्या कोण ते तुम्हाला सांगायला नको, पण हे आणखी कुणी वाचलं तर त्याला वाटायचं गल्लीतलं एखादं पोरगं. गुल्या म्हणजे रोमचा सम्राट कॅलिगुला. दोन हजार वर्षांपूर्वीचा. गादीवर फार दिवस टिकला नाही, पण तेवढ्यात असं रक्त सांडून गेला की जगात कुठंही बेफाम राज्यकर्ता निघाला की लोकांना अजून हाच आठवतो. नळदुर्गच्या तुमच्या घरात एवढं लांबलचक नाव घ्यायला कुणाला वेळ होता? त्याचा गुल्या झाला आणि घरातलाच होऊन बसला. काकू फोनवर सांगायच्या, "ह्ये बसलेत की गुल्याला घेऊन." भाजीवाल्यालाही ठाऊक होतं की सरांकडं गुल्या नावाचा कुणी पाहुणा आलाय आणि जायचं नाव घेत नाही.

आज शनिवार आहे. उद्या सकाळी तुमच्या घरी बसायचं आहे. संजूची सुट्टी संपत आलीय, त्याला पुण्याला परत जायचंय. जायच्या आधी त्याला एका गोष्टीचा निकाल लावायचाय: दत्तूचं काय करायचं. तुमच्या धाकट्या भावाला आता घरात ठेवायचं की संजूनं सोलापूरकडं बघून ठेवलेल्या संस्थेत. काकू तोंडातून शब्द काढत नाहीत. परवा तुमच्या मुलानं मला गेटपाशी गाठलं. "मॅडम, तुम्ही मानसशास्त्र शिकवता. तुम्ही रविवारी एकदाच सरळ सांगा, काका वेडा आहे, त्याला घरात ठेवणं बरोबर नाही. तुमचं सांगितलेलं आई ऐकंल."

म्हणजे माझ्या एका शब्दावर येऊन ठेपलंय, सर. आणि शब्द कोणता, तर नेमका तोच, ज्याच्यावरून तुम्ही आणि मी आयुष्यभर भांडलो.

भांडण सुरू झालं ते आपल्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये. तुम्ही इतिहासाचे, मी मानसशास्त्राची, आणि तोवर आपलं बोलणं म्हणजे नमस्कार आणि परीक्षेच्या ड्युट्या. एक दिवस चहाचा कप हातात घेऊन माझ्या टेबलाशी आलात. "शैलाबाई, मोठ्या आजारातून उठल्यावर माणूस पार बदलतो का हो?" मला वाटलं, भावाबद्दल विचारताय. दत्तूला कॉलेजात असतानाच कानात आवाज यायला लागले आणि तेव्हापासून तो तुमच्याकडं असतो, हे मला ऐकून माहीत होतं. मी आपली जपून जपून सांगायला लागले, तर तुम्ही हात हलवलात. "न्हाय न्हाय, आमच्या दत्तूचं न्हाय. रोमच्या बादशहाचं."

मग उभ्या उभ्या सगळी गोष्ट सांगितलीत. छावणीत वाढलेलं पोर, सैनिकांचं लाडकं. त्यांच्यासारखेच इवलेसे बूट घालून हिंडायचं म्हणून नावच पडलं कॅलिगुला, म्हणजे चिमुकला बूट. बाप लवकर गेला. आई आणि भाऊ तेव्हाच्या सम्राटानं संपवले, आणि त्याच सम्राटाच्या बेटावर हा तोंड मिटून राहिला. गादीवर बसला तेव्हा लोकांनी डोक्यावर घेतला. मग जिवावरचं दुखणं झालं, आणि त्यातून उठला तो वेगळाच उठला असं जुन्या इतिहासकारांनी लिहून ठेवलंय.

मी म्हटलं, "मग झालं की सर. मेंदूवर परिणाम झाला असणार. वेड लागलं."

तुम्ही कप खाली ठेवलात. "सोपं हाय, म्हणूनच पटत न्हाय."

आणि तिथून तुमचं ते मराठीचं सुरू झालं. इतिहास राहिला बाजूला. "आपली भाषा बघा की जरा, शैलाबाई. वेड काय होतं? लागतं. भूक लागते, ठेच लागते, ऊन लागतं. ज्याला लागतं त्यानं बिचाऱ्यानं काय केलेलं नसतं. आणि माज? माज लागत न्हाय, माज चढतो. चढायचं म्हंजी पायऱ्या पाहिजेत. गुल्याला पायऱ्या कुणी कुणी करून दिल्या, ते मला लिहायचंय."

मी काय गप्प बसणारी होय? मी म्हटलं, "ताप पण चढतो सर. त्याला कुणी पायऱ्या केल्या?" तुम्ही कप तसाच टाकून निघून गेलात. दोन दिवस बोलला नाहीत. मग वर्गावर जाता जाता मला वाटेत थांबवलंत आणि तेच वाक्य पुढं चालू ठेवल्यासारखे म्हणालात, "ताप चढतो, पण घरातलं कुणीतरी उठून कपाळावर पट्ट्या ठेवतं. तिथं कुणी उठलं न्हाय." पोरं बघत होती. मला वर्गात जाऊन काय शिकवायचं तेच सुचेना.

त्यानंतर मी तुमच्या घरी यायला लागले ती येतच राहिले. गुल्याच्या मनाचा शोध घ्यायचा, दोघांनी मिळून पुस्तक लिहायचं, असं ठरलं. ठरलं कसलं, तुम्ही जाहीर केलंत. मी म्हणायची, मेलेल्या माणसाला तपासता येत नाही. तुम्ही म्हणायचात, त्यातून त्याच्याबद्दल लिहिणारे सगळे त्याच्या वाईटावर, शत्रूच्या तोंडून ऐकून रोग ठरवायचा का? एवढ्यावर आपलं एकमत होतं. मग मी हळूच म्हणायची, पण काहीतरी बिघडलेलं होतं, सर. आणि झालं, काकूंचा चहा गार होईपर्यंत जुंपायची.

एकदा मात्र तुम्ही आवाज चढवलात. मी नेहमीसारखं "त्या वेड्यानं" असं काहीतरी म्हणून गेले. आत दत्तू सुपात ज्वारी घेऊन निवडत बसला होता. तुम्ही उठून दार ओढून घेतलंत. "ज्यानं हौस म्हणून माणसं मारली त्यालाबी वेडा म्हणायचं, आणि आमचा दत्तू मुंगी बघून पाय टाकतो, त्यालाबी वेडाच म्हणायचं? एकच शब्द हाय का तुमच्या शास्त्रात? असंल तर माझ्या भावाला दुसरा द्या."

शब्द पुष्कळ आहेत हो आमच्या शास्त्रात. पण ते सगळे इंग्रजी, आणि नळदुर्गात ते कुणी वापरत नाही. मी ते त्या दिवशी बोलले नाही. चहा प्यायले आणि घरी आले.

दत्तू बरा नसला की बाथरूममध्ये नळ सोडून बसायचा, पाण्याच्या आवाजात ते दुसरे आवाज बुडतात म्हणून. काकू बाहेरून म्हणायच्या, "भावजी, टाकी संपंल." तो नळ जरा बारीक करायचा, बंद नाही करायचा. काकू त्याच्यावर कधी ओरडल्या नाहीत आणि मोटर चालू करायला उठायच्या. आपण दोघं बैठकीत बसून रोममध्ये कुणी कुणाला सांभाळलं नाही यावर वाद घालत असायचो.

तुमचं ते वाचनालयातलं व्याख्यान आठवून काल एकटीच हसले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा. फळ्यावर कुणीतरी खडूनं इतकी मोठी अक्षरं काढली होती, "माजाचे मानसशास्त्र", की खाली रोमचं नाव लिहायला जागाच उरली नाही. पुढच्या रांगेत म्हशीवाले येऊन बसलेले. म्हशीच्या माजाचा मुहूर्त चुकला तर ती गाभण राहत नाही, वर्ष वाया जातं, तेव्हा विषय त्यांच्या जिव्हाळ्याचा. बिचाऱ्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. बूट, बेट, आजार, खून, सगळं. मग एक जण उठून हात जोडून म्हणाला, "सर, राजाचं लई वाईट झालं. पर आमची म्हैस माजच दावीना झालीया, त्येला काय करावं?" आणि तुम्ही चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता सांगितलंत, "पेंड बदलून बघा."

परत येताना रिक्षात इतकं हसलात की ठसका लागला. मी पाठीवर थापट्या मारत म्हटलं, "बघा, ठसकाही लागतोच." तुम्हाला अजून हसू आलं, रिक्षावाला मागं वळून बघायला लागला.

तुम्ही मूळचे तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घरातले, नवस ऐकत वाढलेले. म्हणूनच गुल्याच्या गोष्टीतला तो नवसाचा भाग तुम्हाला जसा दिसला तसा मला कुठं वाचायला मिळाला नाही. गुल्या आजारी असताना रोममधल्या एकानं म्हणे नवस बोलला, राजा बरा होऊ दे, माझा जीव वाहीन. राजा बरा झाला. त्यानं त्या माणसाला धरून आणवलं आणि सांगितलं, बोललास ना, मग फेड. आणि खरोखर फेडायला लावला. मी म्हटलं, हे वेड नाही तर काय? तुम्ही मान हलवलीत. "देवीच्या दारात माणूस वाट्टेल ते बोलून जातो, शैलाबाई. घाबरलेला असतो. आई ते ऐकती आणि सोडून देती, नारळावर भागवती. हा गडी देव व्हायला निघाला, आणि देवाला जे सोडून देता येतं तेच ह्याला आलं न्हाय." मला वही काढून ते लिहून घ्यायची लाज वाटली, म्हणून घरी येऊन लिहून ठेवलं.

आणि तो घोडा. लाडक्या घोड्याला राज्यातलं मोठं पद द्यायला निघाला होता असं सांगतात. वर्गात पोरं हसली की तुम्ही म्हणायचात, "हसू नका रे, त्यानं एकच घोडा घेतला. आपल्याकडं बाजार भरतो."

येडशीला रामलिंगाच्या देवळात गेलो होतो ते आठवतं का? तुम्ही, काकू, दत्तू आणि मी. पायऱ्या उतरतानाही आपलं चालूच. दत्तूच्या हातात पिशवी, पिशवीत केळी, आणि केळ्यांच्या खाली तुम्ही मला वाचून दाखवायला आणलेलं आजाराचं प्रकरण. रामलिंगच्या माकडांना कुठं कळतंय त्यात रोम आहे. एकानं पिशवी ओढली आणि झाडावर. केळी सोलून खातंय आणि मधूनच एक एक पान फाडून खाली टाकतंय. तुम्ही खालून ओरडताय, "अरे केळी घे की लेका, कागद टाक!" काकू म्हणतायत, "न्हिऊ द्या, बरं झालं, घर सुटलं एकदाचं." आणि दत्तू पायरीवर बसून पोट धरून हसतोय, "दादा, गुल्याला माकडानं न्हेलं! दादा, गुल्याला माकडानं न्हेलं!"

त्याला हसताना मी तोवर ऐकलं नव्हतं. तुम्ही ओरडायचं थांबलात आणि त्याच्याकडं बघत उभे राहिलात. ते प्रकरण पुढं तुम्ही परत लिहिलंत, आणि खरं सांगू, दुसऱ्यांदा जास्त चांगलं उतरलं.

रोज दिवेलागणीला दत्तू सूप बाजूला ठेवून विचारायचा, "दादा, गुल्या मेला का?" तुम्ही म्हणायचात, "अजून न्हाय रं." "मग आज काय केलं त्यानं?" आणि तुम्ही त्यातलं रक्त सगळं गाळून त्याला काहीतरी सांगायचात. शिंपल्यांची गोष्ट त्याची आवडती. गुल्या सैन्य घेऊन समुद्रावर गेला आणि लढाई न करता सैनिकांना शिंपले वेचायला लावले. इतिहासकार हे त्याच्या वेडाचा पुरावा म्हणून सांगतात. दत्तू विचारायचा, "लढाई न्हाय केली?" "न्हाय." "नुसतं शिंपलं येचलं?" "व्हय." "मग बरं केलं," म्हणून तो पाखरांच्या मडक्यात पाणी घालायला उठायचा.

आता माझं सांगते. मी हट्टानं "बिघडलेलं होतं" म्हणायची, ते उगं तुम्हाला डिवचायला नव्हे. मी सास्तूरची. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमचे बाबा पुन्हा कधी छताखाली झोपले नाहीत. नवं घर मिळालं, सिमेंटचं, चांगलं भक्कम. बाबा अंगणात. थंडीत अंगणात, पावसात पोर्चच्या कडेला, अर्धे भिजत. चांगला हसरा माणूस, आदल्या दिवशीपर्यंत गणपतीपुढं सोंगं करून दाखवणारा, तो परत घरी आलाच नाही. गावात म्हणायचे, धसका घेतलाय. वेडा कुणी म्हटलं नाही, कारण निम्मं गाव तसंच होतं. हे तुम्हाला मी एकदाच सांगितलं होतं. त्या दिवशी तुम्ही वाद घातला नाहीत. "तुमच्या बाबांचं वेगळं, गुल्याचं वेगळं," एवढंच म्हणालात, आणि मला बसस्टँडपर्यंत सोडायला आलात. मला अजूनही वाटतं, तितकं वेगळं नव्हतं. लहानपणी ज्याचं घर अख्खं मारलं गेलं, त्याच्या अंगावर काहीतरी कोसळलेलंच होतं. तुम्ही नाहीत म्हणून मी माझं म्हणणं मागं घेणार नाही. उत्तर द्यायला यायचं होतं तर जायचं नव्हतं.

फार थकवा आलाय. तुमच्या जाण्यानं आलाय, की इतकी वर्षं साचलेला आता कळतोय, कोण जाणे. कॉलेजात शिकवते, पण बोलणं माझ्याच कानाला लांबून येतं. भेटेल तो विचारतो, पुस्तक कधी? सगळं झालंय, फक्त शेवटचं प्रकरण, गुल्याच्या खुनाचं, तुम्ही लिहिलंच नाहीत. किती टोचलं तुम्हाला मी! "आळस आहे सर, शुद्ध आळस." तुम्ही म्हणायचात, "मारायला काय, एका दुपारीत मारतो. घाई काय हाय?"

एक गोष्ट मात्र कधी बोलले नाही. माझ्या घरी वाद घालायला कुणी नाही. स्वयंपाक करते, जेवते, टीव्ही लावते, टीव्हीशी भांडते. तुमच्याकडं यायची ती रोमसाठी येत नव्हते. कुणीतरी माझं वाक्य अर्ध्यात तोडून "न्हाय पटत" म्हणावं, यासाठी यायची. तुम्ही ते इतकी वर्षं बिनचूक केलंत. तुमचे लई उपकार आहेत माझ्यावर, सर. तोंडावर म्हटलं असतं तर "काय बोलता राव" म्हणून उडवून लावलं असतंत.

तर उद्याचं. संजू काही वाईट पोरगा नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. तो घाबरलाय, आणि घाबरायला कारण आहे. तुम्हाला सोलापूरच्या दवाखान्यात नेलं ते हायवेनं, आणि परत आणलं तेव्हा दत्तू बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता. नंतर बाहेर येऊन त्यानं तुम्हाला पाहिलं, हात लावला, अंत्यविधीला उभा राहिला. रडला नाही. पण तेव्हापासून गेटची कडी लावू देत नाही. काकूंनी लावली की हा जाऊन काढतो. "दादा यायचाय." मागच्या आठवड्यात उघड्या गेटमधून थेट हायवेवर जाऊन उभा राहिला. मधोमध. हैदराबादकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं कसाबसा ब्रेक मारला आणि शिव्या देत, हाताला धरून घरी आणून सोडला. काय करत होतास म्हणून विचारलं तर म्हणतो, "दादाची गाडी बघत होतो."

काकूंचे गुडघे गेलेत. संजू पुण्यात. उद्या पुन्हा गेला तर? मी जर "वेडा" म्हटलं तर प्रश्न मिटतो, आणि त्यात सगळं खोटं आहे असंही नाही. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, सोपं हाय म्हणूनच पटत न्हाय. पण तुम्हाला म्हणायला काय जातं आता? सांभाळायचं आम्ही.

*

इथवर लिहून पेन ठेवलं होतं. आज सोमवार.

काल बसलो. बैठकीत संजू, काकू आणि मी. तुमची खुर्ची कुणी घेतली नाही. दत्तू आतल्या दाराशी सूप घेऊन, पाठ आमच्याकडं. त्याला सगळं ऐकू येत होतं. त्या घरात दार लावलं तरी ऐकू येतं.

संजू नीट बोलला. संस्था स्वच्छ आहे, डॉक्टर असतात, दर महिन्याला भेटू देतात. "मला काय काका जड झालाय का? पण परत रस्त्यावर गेला आणि ट्रक थांबला नाही, तर बाबांना काय तोंड दाखवू?" मग माझ्याकडं वळला. "मॅडम, तुम्ही सांगा."

मी रात्रभर मनात बरीच वाक्यं जुळवून ठेवली होती. आमच्या शास्त्रातली, मोठी मोठी. ऐन वेळेला एकही आलं नाही. आलं ते तुमचंच आलं.

मी म्हटलं, "संजू, तुझ्या काकाला लागलंय. चढलेलं नाही."

त्याला अर्थ सांगावा लागला नाही. त्या घरात लहानाचा मोठा झालाय तो. मग म्हणाला, "ही चीटिंग आहे, मॅडम. तुम्ही बाबांचं वाक्य माझ्यावर टाकताय."

"असेल," मी म्हटलं. "त्यांना सांग जाऊन." आणि ते तोंडातून गेल्यावर आम्ही तिघंही जरा हसलो, आणि मग काकूंनी पदर तोंडाला लावला.

मग कामाचं बोलले. गोळ्या मी दर आठवड्याला डबीत लावून देईन. डॉक्टरकडं मी नेईन. कॉलेज सुटलं की दुपारची इथंच येऊन बसेन, नाहीतरी घरी जाऊन काय करते, टीव्हीशी भांडते. आणि नाही झेपलं तर मीच फोन करून सांगेन, तेव्हा संस्थेला वाईट म्हणणार नाही. पण गेटचं काय करायचं ते मला कळत नाही, हेही सांगितलं. त्याला कोंडून घालायला मी सांगणार नाही, आणि उघडं ठेवायची माझी छाती नाही.

संजू म्हणाला, "बघू. दिवाळीपर्यंत बघू."

काकू इतके दिवस बोलल्या नव्हत्या, त्या डोळे पुसत म्हणाल्या, "भावजी कुटं जात न्हाईत. मी टाकी दोनदा भरीन." आणि चहा टाकायला आत गेल्या.

संजू संध्याकाळच्या गाडीनं गेला. मी मागं थांबले. दिवेलागण झाली. दत्तू सूप घेऊन बाहेर पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. समोर गेट सताड उघडं, पलीकडं हायवेवर ट्रकांची घरघर. तो ज्वारी पाखडत राहिला आणि मग माझ्याकडं न बघता त्यानं विचारलं, "म्याडम, गुल्या मेला का?"

तेव्हा कळलं, सर. इतक्या उशिरा कळलं, आणि म्हणे मी मानसशास्त्र शिकवते. तुम्हाला आळस नव्हता. रोज त्याला "अजून न्हाय रं" सांगता यावं म्हणून तुम्ही शेवटचं प्रकरण लिहीत नव्हतात.

मलाही तसंच म्हणता आलं असतं. जिभेवर आलंच होतं. पण उद्या काय सांगू, परवा काय सांगू? आणि तो गुल्याचं विचारत नव्हता, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

"मेला, दत्तू," मी म्हटलं.

हात थांबला. "कुनी मारलं?"

"त्याच्या राखणदारांनीच."

"जवळच्यांनी?"

"हो."

त्यानं एक खडा उचलून लांब टाकला. "मग दादाचं काम झालं."

"झालं."

"दमला आसंल."

"लई दमले होते रे," मी म्हटलं.

त्यानं सूप भिंतीला टेकवून ठेवलं, पाखरांच्या मडक्यात पाणी आहे का बघितलं, गेटपाशी गेला आणि कडी लावली.